‘गेम’ म्हणजे नेमका कोणता?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडील व्याख्यानमाला, पुस्तक-प्रकाशने, स्नेहसंमेलने यांपैकी कोणत्याही व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मुले आता वाचत नाहीत, सारखी गेम खेळत बसतात.’ सभागृह माना डोलावते, अध्यक्ष समारोपात तेच वाक्य थोडे सजवून पुन्हा म्हणतात आणि आभारप्रदर्शनानंतर मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. या वाक्याच्या पूर्वार्धाशी आज आमचे भांडण नाही. भांडण आहे ते उत्तरार्धातील एका शब्दाशी. गेम म्हणजे कोणता गेम?

हा प्रश्न विचारला की समोरचे गृहस्थ किंचित चिडतात. ‘कोणता म्हणजे? सगळे सारखेच!’ असे उत्तर येते. आता कल्पना करा की कोणी परका मनुष्य आपल्या ग्रंथालयात आला आणि म्हणाला, ‘हे लोक सारखे काहीतरी छापलेले वाचत असतात, सगळे सारखेच!’ त्याच्या लेखी ज्ञानेश्वरी, रेल्वेचे वेळापत्रक आणि घोड्यांच्या शर्यतीचे अंदाजपत्रक हे सारे ‘छापलेले’ या एकाच सदरात बसते. आपण त्याला अडाणी म्हणू. पण व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आहोत, आणि तेही अधिकारवाणीने.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला प्रकार ओळखता येत नाहीत, त्याला निकाल देण्याचा अधिकार नाही. याहून गंभीर गोष्ट ही की, जो सगळ्यांना एकाच माळेत ओवतो, त्याच्या हातून खरा अपराधी निसटतो आणि निरपराध माणूस सापडतो. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. चुकीच्या शीर्षाखाली नोंदवलेले प्रकरण कितीही प्रामाणिकपणे हाताळले, तरी त्याचा निर्णय चुकीचाच लागतो.

वास्तविक खेळांचे प्रकार पाडणे आणि नियम लिहून ठेवणे ही तर आपली, विशेषतः बडोद्याच्या मराठी माणसाची, मिरासदारी. हुतूतूचे नियम छापून त्याचे अखिल भारतीय सामने १९२३ साली भरवले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने. द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश १९३६ पासून खंडाखंडाने निघाला तोही याच शहरातून. ज्यांना ‘पोरांचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेता आले असते, अशा गोष्टी या मंडळींनी शास्त्र म्हणून हाताळल्या. कोणत्या खेळात किती गडी, मैदान केवढे, बाद केव्हा, डाव केव्हा संपतो, हे त्यांनी मांडून ठेवले. त्यांचेच वारस म्हणवणारे आपण आज नातवाच्या हातातील यंत्राकडे बोट दाखवून ‘गेम’ एवढाच एक शब्द उच्चारतो आणि विषय संपला असे समजतो.

तेव्हा प्रथम प्रकार पाहू. आपल्या नाट्यशास्त्राने रूपकाचे दहा भेद सांगितले. नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन वगैरे. धनंजयाच्या दशरूपकाने ते भेद करण्याची तीन गमके दिली : वस्तू, नेता आणि रस. व्हिडिओ गेमचे भेद करताना या तिन्हींच्या अगोदर एक चौथे गमक येते, ते म्हणजे कृती. खेळणाऱ्याने काय करायचे, यावर त्याचा प्रकार ठरतो. कथा रामायणातील आहे की अवकाशातील, यावर नाही. पडद्यावर राक्षस दिसतो की फळे दिसतात एवढेच पाहून मत बनवणारा माणूस म्हणूनच पहिल्या पायरीवर घसरतो.

नेम धरण्याचे खेळ हा एक मोठा वर्ग. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला. वरून शत्रूंच्या रांगा उतरतात, खालून आपण त्यांना टिपायचे. शत्रू जसजसे कमी होतात तसतसा त्यांचा वेग वाढतो. मौज अशी की हे मुळात योजलेले नव्हते. पडद्यावरील आकृत्या कमी झाल्या की यंत्राचे काम हलके होई आणि उरलेल्या आकृत्या आपोआप जलद सरकत. निशिकादोंनी ते तसेच ठेवले, आणि खेळ पुढे सरकेल तशी काठिण्याची पातळी चढत जाणे हा एक सर्वमान्य संकेत होऊन बसला.

उड्यांचे खेळ हा दुसरा वर्ग. त्यांना ‘प्लॅटफॉर्मर’ म्हणतात. शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’ने १९८१ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने त्यावर इमारत उभी केली. या दुसऱ्या खेळाचा पहिला टप्पा अभ्यासण्याजोगा आहे. त्यात सूचनेचे एक अक्षर नाही. नायक पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणजे जायचे कुठे ते कळले. थोडे पुढे गेल्यावर एक क्षुद्र शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण. मारली तर बहुधा त्याच्याच डोक्यावर पाय पडतो. म्हणजे शत्रूचे काय करायचे ते कळले. लहान मुलाला अक्षरओळख होण्याआधी नियम शिकवणारी ही रचना पाहिली, तर बालशिक्षणावर भाषणे करणाऱ्यांनीही क्षणभर थांबावे.

कोड्यांच्या वर्गात ‘टेट्रिस’ येतो. मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये रचला. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, त्या फिरवून बसवायच्या. ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते. या खेळात विजय नाही. आपण किती वेळ तग धरला, एवढाच प्रश्न असतो.

भूमिकेचे खेळ हा चौथा वर्ग. त्यांचे मूळ संगणकात नसून कागद आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या अमेरिकन खेळात आहे. पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी यांना आकडे दिलेले असतात. अनुभवाने ते आकडे वाढतात. पात्र एकेक पायरी वर चढते. जपानने १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून या वर्गाला घरोघर नेले. डावपेचांच्या वर्गात सिड मायर यांचा १९९१ चा ‘सिव्हिलायझेशन’ येतो. त्यात एका वसाहतीपासून आरंभ करून सहा हजार वर्षांचा राज्यविस्तार करायचा असतो. द्वंद्वाच्या वर्गात १९९१ चाच ‘स्ट्रीट फायटर २’ : दोन मल्ल, वर दोघांच्या शक्तीच्या दोन पट्ट्या, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. याशिवाय शर्यतीचे, साहसाचे, शेती किंवा नगर वसवण्याचे, असे वर्ग निराळेच.

हे वर्ग म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. ते सरमिसळ होतात, भांडतात, नवे जन्मतात. १९८० च्या ‘रोग’ नावाच्या खेळात भुयार प्रत्येक वेळी नव्याने रचले जाई आणि नायक मेला की कायमचा मेला, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. त्याच्या अनुकरणातून एक आख्खा वर्ग निघाला आणि खरा ‘रोग’सदृश खेळ कोणता यावर इतके वाद माजले की २००८ मध्ये बर्लिन येथे जमलेल्या रचनाकारांनी लक्षणांची यादीच केली. पुढे त्या यादीवरही वाद झाले. मतला-काफिया-रदीफ बिनचूक असूनही अमुक रचना गझल आहे की नुसतीच गझलेच्या आकृतिबंधातील कविता, यावर रात्री जागवलेल्या आपल्या मंडळींना हे वाद परके वाटू नयेत. जिथे लक्षणांवर असे भांडण होते, तिथे एक जिवंत कलाप्रकार आहे, असे आम्ही समजतो.

आता संकेतांकडे वळू. कारण सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. ‘या खेळांत मुले मारतात, मरतात आणि पुन्हा उठून उभी राहतात; त्यांना मरणाचे गांभीर्यच उरत नाही,’ हा आक्षेप आपण ऐकला असेल. ज्या मैदानांवर आपले वाडवडील हुतूतू खेळले, तिथे दुसरे काय होत होते? गडी ‘मरत’ होता आणि प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की ‘जिवंत’ होत होता. इतकेच नव्हे, तर मेलेल्या गड्याचे काय करायचे यावरून त्या खेळाचे तीन प्रकार आपल्याकडे पडले. संजीवनीत मेलेला गडी प्रतिपक्षाचा एक गडी मेल्यावर परत येतो. गामिनीत तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये तो बाहेर जातच नाही. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो.

व्हिडिओ गेमचे रचनाकार आज ज्या तीन पद्धतींची चर्चा परभाषेतील जड शब्दांत करतात, त्यांना मराठीत ही तीन नावे तयार आहेत. १९९३ च्या ‘डूम’ या नेमबाजीच्या खेळात मित्र एकमेकांशी खेळत तेव्हा मेलेला लगेच नव्या जागी उभा राही आणि मारणाऱ्याला गुण मिळे. हा अमर प्रकार झाला. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये मेलेला त्या फेरीच्या अखेरीपर्यंत नुसता पाहत बसतो, ही गामिनी. हुतूतूने कोणाच्या मनातील मरणाचे गांभीर्य गेले नाही, कारण ‘मेला’ हा मैदानावरील संकेत आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नाट्यशास्त्राने याला नाट्यधर्मी म्हटले. रंगमंचावर नट एक फेरी मारतो आणि आपण मानतो की तो अयोध्येहून वनात पोहोचला. एक पात्र हाताचा आडोसा करून बोलते आणि शेजारी उभ्या पात्राला ते ऐकू आले नाही असे आपण मानतो. संगीत नाटकात मरणोन्मुख नायक पद गातो तेव्हा आपण वैद्यकीय शंका काढीत नाही. उलट ‘वन्स मोअर’ देतो. ज्यांनी हे सारे संकेत आनंदाने स्वीकारले, त्यांनी नातवाला खऱ्या-खोट्यातील भेद कळत नाही असे समजावे, हा नातवावर अन्याय आहे.

याचा अर्थ सर्व संकेत निर्दोष आहेत असा नव्हे. उलट आमची तक्रार अशी की आपले टीकाकार चुकीच्या जागी टीका करतात आणि योग्य जागी गप्प बसतात. वर उल्लेखिलेला डावपेचांचा वर्ग घ्या. त्यातील एका मोठ्या उपवर्गाचे वर्णन १९९३ मध्ये ॲलन एमरिक या समीक्षकाने चार क्रियापदांत केले. मराठीत सांगायचे तर शोधा, पसरा, उपसा, संपवा. नकाशा आरंभी काळोखात असतो, जणू आपण पाहीपर्यंत तिथे काही नव्हतेच. अधूनमधून ‘रानटी’ टोळ्या भेटतात, त्यांना मारायचे असते. जमीन ही वसाहत करण्याची वाट पाहत पडलेली असते. रक्ताचा थेंबही न दाखवणाऱ्या या शांत, बुद्धिमान खेळात साम्राज्यशाहीची सगळी गृहीतके संकेतांच्या रूपाने बसलेली आहेत. ज्यांच्या आजोबांनी ब्रिटिश रेसिडेंटचा दरारा पाहिला, त्यांनी हे दाखवून द्यायला हवे होते. पण ‘बुद्धीला चालना देणारा’ म्हणून याच वर्गाला आपले पालक शाबासकी देतात आणि बंदुका दिसल्या की तेवढे घाबरतात.

आणि संकेतांचा उपयोग करून कलावंत काय साधू शकतो, हेही पाहावे. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा खेळ आहे. त्यात आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरील तपासणी अधिकारी असतो. रांगेतला माणूस खिडकीशी येतो, पारपत्र आणि परवाने पुढे करतो. तारीख, शिक्का, छायाचित्र, नाव ताडून पाहून आपण होकाराचा किंवा नकाराचा शिक्का मारायचा. जितकी माणसे निकालात काढू तितका पगार. पहिल्या दोन चुकांना समज, पुढे दंड. संध्याकाळी पगारातून घरभाडे, अन्न, ऊब आणि आजाऱ्याचे औषध भागवायचे, भागत नाही. एके दिवशी एक मनुष्य येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात. जाताना तो सांगतो, माझ्यामागे माझी पत्नी आहे, तिच्याशी चांगले वागा. पत्नीकडे प्रवेशाचा परवाना नसतो. आता शिक्का कोणता मारायचा?

जन्मभर टेबलापलीकडच्या माणसाचे कागद तपासलेल्या कोणाही शासकीय नोकराने हा खेळ अर्धा तास खेळून पाहावा. नियम आणि न्याय यांच्यातील अंतर कादंबरीत वाचताना आपण पात्राला दोष देऊन मोकळे होतो. इथे शिक्का आपल्या हातात असतो. वेळेचे बंधन, गुण, दंड हे तेच जुने खेळांचे संकेत. पण त्यांच्या आधारे माणूस यंत्रणेचा भाग कसा होत जातो, हे वाचकाला सांगितले जात नाही, त्याच्याकडून करवून घेतले जाते. याला साहित्य म्हणायचे की नाही, यावर आपण वाद घालू. पण ‘टाइमपास’ म्हणून झटकून टाकणाऱ्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. पोलंडने तर २०२० मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा युद्धात अडकलेल्या सामान्य नागरिकांवरील खेळ शालेय पूरक साहित्याच्या यादीत घेण्याचे जाहीर केले.

मग खरा अपराधी कोण? त्याचा माग काढण्यासाठी ‘जीव’ या एका संकेताचा इतिहास पाहणे पुरेसे आहे. जुन्या व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकले की खेळाडूला बहुधा तीन ‘जीव’ मिळत. ते संपले की खेळ संपला. यंत्राच्या मालकाला दर काही मिनिटांनी नवे नाणे हवे असे, म्हणून खेळ कठीण. पण कौशल्य असलेला मुलगा एका नाण्यात तासभर टिकू शके. पैसा अगोदर, सौदा उघड, आणि कौशल्याला मान. पुढे खेळ घरी आले, एकदा किंमत मोजून विकत घेतले जाऊ लागले. तिथे नाण्याची गरज उरली नाही, म्हणून खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू करण्याची सोय आली.

२०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’ आला. गोळ्यांच्या रंगीत आकृत्या, गोड आवाज, कुठे हिंसा नाही, वर्ग कोड्यांचा. त्यातही ‘जीव’ आहेत. जास्तीत जास्त पाच. ते संपले की एक जीव भरून यायला तीस मिनिटे थांबायचे, किंवा परिचितांकडे मागायचे, किंवा पैसे मोजायचे. शब्द तोच, अर्थ उलटा झाला. पूर्वीचा जीव कौशल्याची कसोटी पाहत होता; हा जीव सहनशीलतेची पाहतो. टेट्रिसही कोड्यांचाच, हाही कोड्यांचाच. पण एकात खेळाडू आकृत्यांशी झुंजतो, दुसऱ्यात खेळाडूचीच वाट अडवून टोल मागितला जातो. वर्ग पाहून हा फरक कळणार नाही, संकेत पाहूनच कळेल. आणि येथे एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. नातवाच्या नेमबाजीच्या खेळावर कोरडे ओढणाऱ्या कित्येक आजी-आजोबांच्या स्वतःच्या फोनवर रंगीत गोळ्या फुटत असतात, आणि तो मात्र त्यांच्या लेखी ‘गेम’ नसतो!

याहून घातक संकेत म्हणजे नशिबाची पेटी, ज्याला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. खऱ्या पैशाने पेटी घ्यायची. आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार. दुर्मिळ वस्तू क्वचित निघते, म्हणून पुन्हा पेटी घ्यायची. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये तीन नामांकित खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात असे ठरवले. ते तीन खेळ होते ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’. म्हणजे दोन नेमबाजीचे आणि एक फुटबॉलचा. ज्या फुटबॉलला आपण ‘निदान खेळाचा गेम आहे’ म्हणून परवानगी देतो, त्यातच जुगाराची पेटी! रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, हाही असाच सर्व वर्गांत शिरलेला संकेत. हे रोग एका प्रकारचे नाहीत. म्हणून प्रकारावर बंदी घालून ते बरे होणार नाहीत.

न पारखता घातलेल्या बंदीचे काय होते, हे आपल्या गुजरातेतच पाहायला मिळाले. मार्च २०१९ मध्ये राजकोट व आणखी काही शहरांत ‘पबजी’ खेळण्यास पोलिसी अधिसूचनेने मनाई झाली. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते, अखेरचा उरेल तो विजयी, असा हा ‘बॅटल रॉयल’ वर्गातील खेळ. वर्तुळ आक्रसण्याचा संकेत का आहे? विस्तीर्ण बेटावर उरलेल्या दोघांची गाठच पडली नाही, तर डाव संपणार कसा, एवढ्यासाठी. राजकोटच्या अधिसूचनेत पबजीच्या शेजारी ‘मोमो चॅलेंज’ हे दुसरे नाव होते. तो तर खेळच नव्हता, ती एक पसरलेली अफवा होती. खेळ आणि अफवा एका ओळीत बसले, आणि तरुण मुलांना, त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही, सार्वजनिक ठिकाणी फोनवर खेळल्याबद्दल अटक झाली. हेतू चांगला असेल. पण निदान न करता औषध दिले की असेच व्हायचे. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजी मोबाइलवर बंदी घातली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने, खेळाच्या स्वरूपामुळे नव्हे. तोच खेळ भारतापुरते नवे नाव घेऊन जुलै २०२१ मध्ये परत आला. मुलांच्या प्रकृतीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

त्या मानाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा एक पाऊल पुढे आहे, कारण त्याने निदान वर्गवारी केली : ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळायचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन, तिसऱ्याला मनाई. त्याच्या तपशिलावर मतभेद असू शकतात. पण पडद्यावर काय दिसते हे न पाहता काय पणाला लागते हे पाहण्याची त्याची दृष्टी योग्य आहे. ती आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून आपली परंपरा जुगाऱ्याची दैना सांगत आली आहे. सारीपाट तर घरोघर खेळला गेला. वनवास घडला तो एका सभेतील पणामुळे. दोष सोंगट्यांत नव्हता.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. काही मुले या खेळांत बुडतात. झोप, अभ्यास, माणसे यांपासून तुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, या विकाराची स्वतंत्र नोंद केली आहे. पण त्या नोंदीची लक्षणे वाचावीत. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे, आणि दुष्परिणाम दिसत असूनही ते चालूच राहणे; आणि हे सामान्यतः बारा महिने टिकून असणे. सुटीत दोन तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवणारे त्यात काही नाही. ज्या मुलाला खरोखर मदत हवी, त्याची हाक ‘सगळेच गेमवेडे’ या आपल्या सरसकट आरड्याओरड्यात बुडून जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या व्याख्यानमालेत पुढल्या वर्षी एक दिवस या विषयाला द्यावा आणि वक्ता म्हणून हे खेळ खेळणारा व त्यांचा विचार करणारा तरुण बोलवावा. खेळांना शिव्या देणारा नको, विकणाराही नको. ‘राजी’ हा २०२० चा खेळ, एका मुलीची आपल्या धाकट्या भावाच्या शोधाची कथा, पुण्यात रचला गेला. असे काम करणारी माणसे आपल्यापासून दूर नाहीत. दुसरे, या संकेतांना मराठी नावे द्यावीत. ज्या शहराने दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश उभा केला, तिथे दहा पानांची शब्दावली तयार होऊ नये? संजीवनी, गामिनी, अमर, पण, पेटी : आरंभ तर झालेलाच आहे.

तिसरे, घरात आदेश देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या खेळात हाताने करायचे काय? मेल्यावर काय होते? हा खेळ कधी संपतो का? आणि पैसे द्यायचे असतील तर ते केव्हा द्यायचे, व देताना काय मिळणार हे आधी कळते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नातू उत्साहाने देईल, कारण आजवर ती त्याला कोणी विचारलेलीच नसतात. शेवटच्या दोहोंशी तो अडखळला, तर तिथे आपण थांबावे आणि दोघांनी मिळून उत्तर शोधावे. ज्याने आपला खेळ समजून घेतला, त्याने दिलेला नकारही मूल ऐकून घेते. न पाहता दिलेला निकाल मात्र ते त्याच क्षणी ओळखते, आणि पुढच्या वेळी दार लावून खेळते.